बीदर, विजापूर की बदामी? खानदेशातून दक्षिण सीमेपलीकडची हिवाळी सुट्टी

खानदेशात नाताळच्या सुट्टीचा बेत ठरू लागतो तेव्हा कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, हरभरा फुलावर आलेला असतो आणि घरोघरी भरताच्या वांग्यांचा दरवळ असतो. या दिवसांत आपल्याकडची बहुतेक कुटुंबे उत्तरेला ओंकारेश्वर-उज्जैनला जातात, नाहीतर सापुतारा किंवा तोरणमाळ गाठतात. हात सैल असेल तर गोव्याचे आरक्षण करतात आणि तिथल्या गर्दीत, दुप्पट झालेल्या भाड्यांत सुट्टी संपवून परततात. महाराष्ट्राची दक्षिण सीमा ओलांडली की कर्नाटकात बीदर, विजापूर आणि बदामी ही तीन गावे लागतात. त्यांचा विचार फार थोडे लोक करतात, याची मला मनापासून खंत वाटते. तिन्ही गावे मी वेगवेगळ्या हिवाळ्यांत, वेगवेगळ्या सोबतीने पाहिली आहेत. ज्यांना चार ते सात दिवसांची सुट्टी आहे आणि यांपैकी एकच गाव निवडायचे आहे, त्यांना निर्णय घेता यावा म्हणून ही तुलना लिहीत आहे.

तिन्ही गावे एकाच सहलीत उरकण्याचा मोह आधी बाजूला ठेवावा. विजापूर आणि बदामी यांची सांगड घालता येते, कारण दोन्ही गावे सोलापूर-गदग लोहमार्गावर आहेत आणि रस्त्यानेही त्यांच्यात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. बीदर मात्र पूर्वेला बाजूला पडते. त्याचा रस्ता वेगळा आणि स्वभावही वेगळा आहे. पाच दिवसांत तिन्ही गावे पाहून आलेली मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या लक्षात रस्त्यावरची उपाहारगृहे राहिली. घुमट कोणता कुठला, हे त्यांना सांगता येत नव्हते.

प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर खानदेशाला विजापूर सर्वांत सोपे आहे. इंदूर, सेंधवा, धुळे, चाळीसगाव, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर आणि विजापूर ही सगळी गावे राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आहेत, म्हणजे धुळ्यातून निघालेल्या माणसाला रस्ता न बदलता थेट विजापुरात उतरता येते. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला औट्रम घाट हा या वाटेवरचा एकमेव त्रासाचा टप्पा आहे, म्हणून तो पहाटे ओलांडण्याच्या बेताने निघावे. घाटात वाहने अडकली की अर्धा दिवस जातो आणि पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील तर एका दिवसात हे अंतर कापण्याचा हट्ट धरू नये. तुळजापूर किंवा सोलापूर येथे मुक्काम करावा, देवीचे दर्शन घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात ताज्या मनाने प्रवेश करावा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी भुसावळहून मनमाड, दौंड, सोलापूरमार्गे कलबुर्गीकडे, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतल्या गुलबर्ग्याकडे, जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस ही सोयीची गाडी आहे. विजापूर किंवा बदामीला जायचे असेल तर सोलापुरात उतरून गदगकडे जाणारी गाडी किंवा बस धरावी. बीदरला जायचे असेल तर कलबुर्गीपर्यंत जावे. २०१७ मध्ये कलबुर्गी-बीदर लोहमार्ग सुरू झाल्यापासून तिथून रेल्वेचीही सोय झाली आहे, पण गाड्या मोजक्या असल्याने बहुतेक वेळा बसच बरी पडते. मनमाड-संभाजीनगरकडून परभणी, परळी, उदगीर असा बीदरपर्यंत जाणारा दुसरा लोहमार्गही आहे. ज्यांना नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे दर्शन घेऊन पुढे जायचे असेल त्यांनी या बाजूचा विचार करावा. बीदरला मोटारीने जायचे तर संभाजीनगर, बीड, अंबाजोगाई, लातूर, उदगीर असा प्रवास होतो. अंतर विजापूरइतकेच पडते, पण रस्त्याची जात बदलत राहते आणि वेळ अधिक लागतो.

एसटीने जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट हिशेबात धरावी. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळते, ती राज्याच्या हद्दीपुरती आहे. आणि कर्नाटकात महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास असला तरी तो त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. आपल्या बायाबापड्यांना सीमेपलीकडे पूर्ण तिकीट काढावे लागते. रक्कम मोठी नसते, पण वाहकाशी वाद घालून प्रवासाची सुरुवात कडू करून घेऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता गावांकडे वळू. विजापूरचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे विजयपुर झाले आहे आणि फलकांवर, तिकिटांवर तेच दिसते. मराठी माणसाच्या तोंडी मात्र विजापूरच आहे. १४९० पासून १६८६ पर्यंत, म्हणजे औरंगजेबाने ते घेईपर्यंत, हे गाव आदिलशाहीची राजधानी होते. शिवकाळाचा इतिहास शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी मुलाच्या मनात हे नाव आधीपासून असते. शहाजीराजे ज्या दरबारात होते आणि अफझलखान ज्या दरबारातून निघाला, तो दरबार नेमका कुठे भरत असे, हे गगनमहालाच्या भव्य कमानीखाली उभे राहून मुलांना सांगता येते. पाठ्यपुस्तकातली नावे अशी जागेवर भेटली की मुले आपणहून प्रश्न विचारू लागतात, हा माझा अनुभव आहे.

गोलघुमट पाहण्यासाठी विजापूरला जावे, हे सर्वांना ठाऊक आहे. तो कधी पाहावा, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. १६२७ ते १६५६ या काळात राज्य केलेल्या मुहम्मद आदिलशाहाची ही कबर आहे. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे चव्वेचाळीस मीटर आहे आणि एवढा बोजा आत एकाही खांबाच्या आधाराशिवाय, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी पेललेला आहे. चारही कोपऱ्यांवरच्या सातमजली मनोऱ्यांतून अरुंद जिने वर जातात आणि घुमटाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूने फिरणाऱ्या सज्ज्यात पोहोचवतात. या सज्ज्यात एका टोकाला भिंतीशी कुजबुजलेला शब्द समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो आणि एका हाकेचे पडसाद पुन्हा पुन्हा उमटतात. पण डिसेंबरात शाळांच्या सहली दहाच्या सुमारास येऊन पोहोचतात आणि मग शेकडो मुलांच्या आरडाओरड्यात कुजबूज कुठली ऐकू येणार? म्हणून दार उघडताच, सूर्योदयाच्या वेळी, आत जावे. आम्ही गेलो त्या सकाळी सज्ज्यात पाचच माणसे होती. माझ्या सत्तरीच्या मामींनी पलीकडून हळूच म्हटलेली ओवी आम्हाला भिंतीतून आल्यासारखी ऐकू आली. त्या सकाळीच मला ही वास्तू खऱ्या अर्थाने कळली. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मात्र जिन्याचा विचार आधी करावा, कारण पायऱ्या उंच आहेत आणि मधे टेकायला जागा नाही.

गोलघुमटाने डोळे दिपतात, पण मनात घर करतो तो इब्राहिम रोजा. दुसरा इब्राहिम आदिलशाह हा संगीताचा वेडा राजा होता आणि 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्याची कबर आणि समोरची मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर उभ्या आहेत. भिंतींवरचे दगडी कोरीव लेखन, खिडक्यांतल्या अक्षरांच्या जाळ्या आणि नाजूक मनोरे पाहायला दुपार अपुरी पडते. याच गावात मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, तिचे वजन सुमारे पंचावन्न टन आहे आणि तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचा जबडा घडवलेला आहे. लहान मुलांना गोलघुमटाइतकीच ही तोफ आवडते. याखेरीज उपळी बुरूज, अपुरा राहिलेला बारा कमान, जामा मशीद, ताज बावडी आणि चांद बावडी आहेत. यांतली चांद बावडी चांदबिबीच्या नावाची आहे. अहमदनगरचा किल्ला लढवण्यापूर्वी तिने विजापुरात अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहिला होता, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. शहरात टांगे आहेत. टांगेवाल्याशी दिवसाचा दर आधी ठरवून घेतला की निम्मा त्रास वाचतो.

विजापूरची उणी बाजूही सांगायला हवी. हे आता मोठे, गजबजलेले शहर आहे. वास्तू एकमेकींपासून दूर आहेत, मधला रस्ता धुळीचा आहे आणि संध्याकाळी शांत बसावे अशी जागा शोधावी लागते. दोन रात्री पुरेशा होतात. तिसरी रात्र राहायची असेल तर ती बदामीच्या वाटेवर, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या परिसरात किंवा थेट बदामीत घालवावी.

बीदरबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण तीन गावांत तेच सर्वांत कमी ओळखीचे आहे आणि खानदेशाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे आहे. आपल्याकडे फारुकी घराण्याचे राज्य असताना बुऱ्हाणपूर वसवणाऱ्या नसीरखानाची मुलगी बहामनी राजपुत्र अलाउद्दीन अहमद याला दिलेली होती. पुढे तो गादीवर आला, त्याने दुसरी राणी केली आणि फारुकी राजकन्या मागे पडली; लेकीच्या अपमानाने चिडलेल्या नसीरखानाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहामनी सरदाराने त्याचा रोहिणखेडजवळ पराभव केला, बुऱ्हाणपूर लुटले, आणि नसीरखानाला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. १४३७ मध्ये तो वारला. लळिंगचा किल्ला आपण महामार्गावरून जाता-येता पाहतो. ज्या जावयामुळे हा प्रसंग ओढवला त्याची कबर बीदरजवळच्या अष्टूर येथे आहे. थाळनेरच्या फारुकी कबरी पाहिलेल्या माणसाने अष्टूरला जावे, म्हणजे एकाच काळातली दोन राज्ये मरणाची आठवण कशी बांधत होती हे शेजारी ठेवून पाहता येते.

अष्टूर हे बीदरपासून तीनेक किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध आहे. बहामनी सुलतानांचे घुमट एका ओळीत उभे आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्या पायथ्यापर्यंत तुरीची आणि ज्वारीची पिके आलेली असतात. अहमदशाह वलीच्या घुमटात, आतल्या छतावर, जुनी रंगीत चित्रकारी अजून टिकून आहे. डोळे अंधाराला सरावले की लाल, सोनेरी आणि निळे रंग हळूहळू उघडत जातात. या सुलतानाला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत आपले संत अल्लमप्रभू यांचे रूप मानतात. त्याच्या उरुसाला दोन्ही समाज येतात. जवळच हुमायूनशाहाचा घुमट आहे, जो वीज पडून अर्धा कोसळला. उरलेल्या अर्ध्या भागात घुमटाची जाडी, विटांचे थर आणि बांधणी अशी उघडी दिसते, की वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुस्तकातला उभा छेद प्रत्यक्ष पाहायला मिळावा. कोणाला घाई असेल तर बीदरमधले बाकी सगळे सोडावे, पण अष्टूरची सायंकाळ सोडू नये.

गावात महमूद गवानचा मदरसा आहे. इराणातल्या गिलानमधून आलेला हा वजीर बहामनी राज्याचा आधार होता. १४७२ मध्ये त्याने हे विद्यालय बांधले. तिमजली इमारत, विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय आणि दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या रंगीत चकाकत्या फरशा अशी त्याची रचना होती. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला आणि त्यानंतर बहामनी राज्य सावरले नाही. पुढे औरंगजेबाच्या काळात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग ढासळला. आज एक मनोरा आणि दर्शनी भिंतीचा तुकडा एवढ्यावरच निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या फरशा शिल्लक आहेत. रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या गर्दीत, हा मनोरा अचानक समोर येतो. इतक्या दुरून आलेल्या एका माणसाने परक्या भूमीत विद्येसाठी केलेली ही खटपट आणि तिला लाभलेला शेवट आठवला की मन भरून येते.

बीदरचा किल्ला लाल जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर आहे. खडकात खोदलेला तिपदरी खंदक, सोळा खांब मशीद, तख्त महाल आणि रंगीन महाल हे त्यातले मुख्य भाग आहेत. रंगीन महालातले लाकडी कोरीवकाम आणि काळ्या दगडात बसवलेले शिंपल्यांचे तुकडे पाहण्यासारखे आहेत. तिथे बहुधा कुलूप असते. पहारेकऱ्याला नम्रपणे विनंती करावी आणि सकाळची वेळ धरावी. किल्ल्यातल्या जुन्या मातीचे महत्त्व बिदरी कारागिरांना विचारावे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार बसवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम मिश्रणाने ते चोळतात. धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच लखलखत राहते. चौबारा भागातल्या कारखान्यांत हे काम समोर बसून पाहता येते. वस्तू घ्यायची असेल तर घडवणाऱ्याच्याच हातून घ्यावी, कारण त्याच्या दिवसभराच्या मेहनतीचा पैसा मधल्या दुकानात अडकू नये असे मला वाटते.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिलेल्या खानदेशी माणसासाठी बीदरात आणखी एक गोष्ट आहे. नौबाद भागात जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने खोदलेल्या विहिरींसारख्या खिडक्या, अशी इराणी पद्धतीची जलव्यवस्था आहे, आणि ती बुऱ्हाणपूरच्या १६१५ च्या कुंडी भंडाऱ्याहून जुनी, बहामनी काळातली आहे. केळीच्या बागांसाठी भूजल उपसून उपसून पाण्याची पातळी खाली गेलेल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याने ही जागा पाहावी. पाणी उपसण्याऐवजी उताराने वाहते ठेवण्याचा हा विचार साडेपाचशे वर्षांपूर्वीचा आहे, हे तिथे उभे राहिल्यावर फार जवळून जाणवते.

बीदरला वयस्कर माणसांना घेऊन जाणे सोपे आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार दोनशे फुटांवर असल्यामुळे दुपारीही हवा सुखद असते, ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत आणि रिक्षाने सगळीकडे जाता येते. गुरुद्वारा नानक झिरा साहिब येथे गुरू नानकांच्या आठवणीशी जोडलेला गोड्या पाण्याचा झरा आहे. लंगरमधले जेवण आणि यात्रेकरूंच्या निवासाची सोय यांमुळे कमी खर्चात राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला मोठा आधार मिळतो. पंजप्यारे म्हणजे गुरू गोविंदसिंगांचे पहिले पाच खालसा शिष्य; त्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे होते. नरसिंह झिरा या गुहामंदिरात छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावे लागते. तो अनुभव विलक्षण असला तरी लहान मुले, दम्याचे रुग्ण आणि अंधाराची धास्ती असलेली माणसे यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. हाताशी एक दिवस जास्तीचा असेल तर बसवकल्याणला जाऊन यावे. कल्याणीच्या चालुक्यांची ती राजधानी होती आणि बाराव्या शतकात बसवेश्वरांची कर्मभूमी झाली.

बदामीचा विचार करताना आपल्याला एक अडचण येते आणि ती आपल्या सुदैवाचीच आहे. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटरवर आहे आणि कन्नडचा घाट चढला की वेरूळ लागते. ज्याने ही लेणी मन लावून पाहिली आहेत तो बदामीच्या चार लेण्यांसमोर उभा राहून, 'एवढ्यासाठी इतक्या लांब आलो?' असे म्हणण्याची शक्यता असते. पण बदामीत लेणी शेवटची नाहीत, सुरुवातीची आहेत. तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. तिथून निघून ऐहोळेची प्रयोगशील मंदिरे पाहत पट्टदकलला पोहोचले की खडक कोरण्यापासून स्वतंत्र मंदिर बांधण्यापर्यंतचा दोनशे वर्षांचा प्रवास पस्तीस किलोमीटरच्या परिसरात उलगडतो. पट्टदकल हे १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथले विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने आपल्या पतीच्या, दुसऱ्या विक्रमादित्याच्या, कांचीवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधवले. वेरूळच्या कैलास लेण्याचा आराखडा याच मंदिरावरून घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. कैलास आधी पाहून विरूपाक्षासमोर उभे राहणाऱ्याला थोरल्या बहिणीचा चेहरा पाहिल्यासारखे वाटते.

ऐहोळेच्या टेकडीवरच्या मेगुती मंदिरात रविकीर्ती या कवीचा ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची स्तुती करताना त्याने नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व पुलकेशीला मिळाल्याचे सांगितले आहे. नर्मदेच्या तीरावर ज्याने हर्षवर्धनाला थोपवले त्या राजाच्या तोंडभर स्तुतीत आपल्या भूमीचे नाव कोरलेले आहे, आणि नर्मदा तर आपल्या सातपुड्याच्या पलीकडेच वाहते. हे अक्षर प्रत्यक्ष पाहताना मराठी माणसाला जे वाटते ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

बदामी स्वतः लहान गाव आहे. दोन लाल खडकांच्या मधे अगस्त्य तलाव आहे आणि त्याच्या काठावर भूतनाथाचे मंदिर आहे. सकाळी या काठाहून समोरच्या लेण्यांवर ऊन चढताना पाहावे. चढ-उतार बराच आहे आणि माकडांचा उपद्रव आहे, म्हणून हातात खाण्याची पिशवी धरून लेण्यांत जाऊ नये. दोन दिवस गाडीची सोय करावीच लागते, कारण पट्टदकल, ऐहोळे आणि महाकूट बसने जोडून पाहताना दिवस निसटतो. ज्यांना लुगड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी जवळच गुळेदगुड्डला खणाचे आणि पुढे इळकलला इरकली साड्यांचे हातमाग आहेत. आपल्या आज्यांच्या पेटीत ज्या काठाची लुगडी घडी करून ठेवलेली असत, तो काठ मागावर उतरताना पाहणे हा स्त्रियांसाठीच नव्हे, सर्वांसाठीच आनंदाचा भाग आहे.

जेवणाबद्दल फार लिहावे लागत नाही, कारण तिन्हीकडे ज्वारीचेच राज्य आहे. विजापूर आणि बदामीत खानावळ हाच शब्द चालतो. पातळ कडक भाकरी, तेलात शिजवलेली भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे ताट येते. कळण्याच्या भाकरीवर आणि भरतावर वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाही, फक्त आपल्या ठेच्याचा झणका आठवत राहतो. बीदरमध्ये दख्खनी पद्धतीचे मांसाहारी जेवण चांगले मिळते.

भाषेचीही तशी अडचण नाही. बीदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तिथे मराठी आणि दख्खनी उर्दू दोन्ही चालतात, भालकी-औराद भागात तर मराठी घराघरात आहे. विजापुरात हिंदी पुरते. बदामीच्या खेड्यांत कन्नडचे चार शब्द पाठ करून गेलेले बरे. राहण्यासाठी कर्नाटक पर्यटन महामंडळाची 'मयूर' नावाची निवासस्थाने तिन्ही गावांत आहेत, पण नाताळच्या आठवड्यात ती आधीच भरतात.

मला कोणी एकच उत्तर मागितले, तर सोबत कोण आहे हे मी आधी विचारतो. पाचवी ते नववीतली मुले असतील आणि चार दिवस असतील तर विजापूर. रस्ता सरळ आहे आणि मुलांच्या पुस्तकाशी त्याचा सांधा जुळतो. आई-वडील सोबत असतील, किंवा दोघांनाच शांतपणे फिरायचे असेल, तर बीदर. सहा-सात दिवस असतील, अजिंठा-वेरूळ पाहून झालेले असेल आणि चालण्याची तयारी असेल, तर विजापुरात एक रात्र थांबून बदामीला तीन रात्री द्याव्यात. माझा स्वतःचा कल बीदरकडे आहे, हे मी लपवत नाही. पण पहिल्यांदाच सीमेपलीकडे जाणाऱ्याला मी विजापूरच सुचवतो, कारण पहिला प्रवास सुरळीत झाला तरच माणूस दुसऱ्यांदा तिकडे जातो.

चाळीसगाव तालुक्यातल्या मंडळींना विजापूरला जाताना एक अधिकची गंमत आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांचे जन्मगाव विज्जडवीड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. काहींनी ते विजापूर मानले, तर काहींनी ते चाळीसगावजवळच्या पाटणे परिसरात असल्याचे मांडले. पाटण्याच्या शके ११२८ च्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. विज्जडवीड सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे स्वतः भास्कराचार्य सांगतात आणि विजापूरच्या सपाट माळावर सह्याद्री कुठेच दिसत नाही, म्हणून माझे मत पाटण्याच्या बाजूने आहे. तरी मुलांना दोन्ही गावे दाखवून त्यांचे मत त्यांनाच ठरवू द्यावे.

तारखांचा विचार शेवटी करावा, पण तो नक्की करावा. दिवाळीनंतरचा पहिला पंधरवडा गर्दीच्या दृष्टीने सर्वांत मोकळा असतो आणि पावसाने भरलेले तलाव अजून भरलेले असतात. नाताळचा आठवडा तिन्ही ठिकाणी गजबजलेला असतो, विशेषतः विजापुरात. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. तेव्हा तिथे मुक्कामाची जागा मिळणे कठीण होते, त्यामुळे सोलापूरमार्गे जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत किंवा यात्रा पाहण्याच्याच हेतूने जावे. पौष पौर्णिमेला, म्हणजे आपल्या शाकंभरी पौर्णिमेला, बदामीपासून पाच किलोमीटरवर बनशंकरीची मोठी जत्रा सुरू होते. ज्या घरांत शाकंभरीचे नवरात्र बसते त्यांनी बदामीचा बेत त्याच दिवसांत आखावा. देवीचे मंदिर, समोरचा दगडी तलाव आणि सभोवतालचे भाज्यांचे ढीग पाहिले की शाकंभरी हे नाव तिला का शोभते ते वेगळे सांगावे लागत नाही. आरक्षण मात्र कापसाचे पैसे हातात येण्याची वाट न पाहता, दसऱ्यालाच करून ठेवावे.